राखीव फौज, राखीव जागा आणि आपली पदवी

कॉलेजात शिकत असतानाच सैन्याच्या राखीव दलात नाव घालावे की नाही, हा प्रश्न आज आपल्या वस्त्यांमधून, वसतिगृहांमधून आणि बुद्धविहारांच्या ओट्यावरून विचारला जाऊ लागला आहे. प्रादेशिक सेनेची, म्हणजे मुलांच्या भाषेत 'टीए'ची भरती निघाली की बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा पहाटे उठून धावू लागतो. आई खूश होते, बाप गप्प राहतो, आणि मग कोणीतरी मुलाला घेऊन वकिलाकडे येतो. "साहेब, जाऊ द्यावे का याला?"

या प्रश्नाला समाजात दोन ठरलेली उत्तरे आहेत. पहिले असे की, आपण लढवय्यांची लेकरे, भीमा कोरेगावचा विजयस्तंभ आपला, मग यात विचारायचे काय? जा! दुसरे असे की, ज्या व्यवस्थेने आपल्याला गावाबाहेर ठेवले तिच्यासाठी आपण बंदूक का उचलायची? ही दोन्ही उत्तरे भावनेची आहेत. भावनेला माझा विरोध नाही. परंतु भावनेच्या भरात कोणत्याही कागदावर सही करू नये, एवढे सांगणे हा माझा व्यवसाय आहे. म्हणून आधी कागद वाचू या.

कागद काय सांगतो?

प्रादेशिक सेनेचा कायदा १९४८ चा. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते या सेनेचे उद्घाटन झाले. कल्पना साधी आहे. नागरिकाने आपला नोकरी-धंदा सांभाळावा, वर्षातून सुमारे दोन महिने लष्करी प्रशिक्षण घ्यावे आणि देशाला गरज पडली की वर्दी चढवून हजर व्हावे. काम संपले की पुन्हा आपल्या धंद्यावर. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांत या सेनेने काम केलेले आहे. तिचे मोल कमी लेखण्याचे काहीच कारण नाही.

पण या कल्पनेचा पाया लक्षात घ्या. ज्याच्या पोटापाण्याची सोय आधीच झालेली आहे, त्याच्यासाठी ही सेना आहे. अधिकारी व्हायचे तर उमेदवार पदवीधर हवा, वय १८ ते ४२ असावे आणि तो कोठेतरी कमावता असावा, अशी अटच आहे. सैन्य स्वतःच सांगते की ही पूर्णवेळ कारकीर्द नव्हे. बोलावणे असेल तेवढ्या काळाचा पगार नियमित सैनिकाइतकाच मिळतो, बोलावणे संपले की पगारही संपतो. प्रत्यक्ष बोलावणीवरील सेवेची बेरीज जवानाच्या बाबतीत १५ वर्षे आणि अधिकाऱ्याच्या बाबतीत २० वर्षे भरली तरच पेन्शन. आणि दोन-चार वर्षे टीएत काढून परत आलेल्या जवानाला 'माजी सैनिक' म्हणून सरकारी नोकरीत सवलत मिळेल असे कोणी सांगत असेल, तर ते खोटे आहे. माजी सैनिकाच्या सरकारी व्याख्येत प्रादेशिक सेनेचे पेन्शनधारक, सेवेमुळे अपंगत्व आलेले आणि शौर्यपदक मिळवलेले एवढेच बसतात.

क्रिकेटपटू महेंद्रसिंह धोनी यांना २०११ मध्ये या सेनेत मानद लेफ्टनंट कर्नल केले गेले. खासदार असलेले सचिन पायलट २०१२ मध्ये अधिकारी म्हणून रुजू झाले. त्यांचे फोटो मुलांच्या मोबाईलवर असतात. या दोघांचीही भाकर वर्दीवर अवलंबून नव्हती, हे मात्र फोटोत दिसत नाही. आमचा मुलगा भरतीला जातो तो भाकरीसाठी. ज्या सेनेत आधी भाकर मिळवून मग यायचे असते, त्या सेनेत तो भाकर शोधायला जातो. गोंधळ येथूनच सुरू होतो.

नोकराला संरक्षण, विद्यार्थ्याला काय?

आता कायद्यातली एक बाजू पाहा, जी भरतीच्या मैदानावर कोणी सांगत नाही. प्रादेशिक सेना कायद्याचे कलम ७-अ असे सांगते की, लष्करी सेवेसाठी बोलावल्या गेलेल्या कामगाराला सेवा संपल्यावर पुन्हा कामावर घेणे हे मालकाचे कर्तव्य आहे. मालकाने टाळाटाळ केली तर त्याला सहा महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम भरावी लागू शकते. पुढच्या कलमात त्याचा प्रॉव्हिडंट फंडासारखा हक्कही राखलेला आहे. म्हणजे कारखान्यातला, बँकेतला, रेल्वेतला माणूस सीमेवर गेला तरी त्याची खुर्ची कायदा सांभाळतो.

आणि विद्यार्थ्याचा बाक? त्याबद्दल हे कलम बोलत नाही. ते मालकाशी बोलते, विद्यापीठाशी नाही. हजेरीचे ७५ टक्के भरले नाहीत तर काय, सत्र बुडाले तर काय, परीक्षेच्या दिवशी मुलगा जम्मूत पहाऱ्यावर असेल तर काय, वसतिगृहातील जागा गेली तर काय, भारत सरकार शिष्यवृत्तीचा हप्ता अडला तर काय? एखादे प्राचार्य समंजस असतील तर सांभाळून घेतील. पण प्राचार्यांची मर्जी हा हक्क नव्हे. मर्जीवर जगणे काय असते हे आपल्या समाजाला वेगळे शिकवायला नको.

हे सर्व केवळ कागदावरचे भय आहे, असेही समजू नका. मे २०२५ मध्ये पाकिस्तानबरोबर संघर्ष पेटला तेव्हा ६ मे रोजी केंद्र सरकारने प्रादेशिक सेना नियम १९४८ मधील नियम ३३ खाली लष्करप्रमुखांना अधिकार दिला की, या सेनेतील प्रत्येक अधिकाऱ्याला आणि नोंदणी झालेल्या जवानाला त्यांनी गरजेप्रमाणे बोलवावे. ३२ पायदळ बटालियनपैकी १४ बटालियन तैनात करण्याची तरतूद त्याच आदेशात होती आणि त्याची मुदत फेब्रुवारी २०२८ पर्यंत ठेवलेली आहे. देशावर प्रसंग आला की फौज बोलावली जाणारच. त्यासाठीच ती असते. पण मे महिना हा आपल्याकडे विद्यापीठाच्या परीक्षांचा महिना असतो, हेही तेवढेच खरे आहे. राखीव दलात नाव घातलेल्या विद्यार्थ्याला परीक्षा आधी की बोलावणे आधी, असे विचारण्याची सोय नसते.

आम्ही राखीवच होतो

'राखीव' या शब्दाचा आपल्या समाजाइतका अनुभव दुसऱ्या कोणाला नसेल. १८१८ च्या १ जानेवारीला कोरेगावात लढलेल्या पलटणीत महार शिपाई होते. पुढे पिढ्यान्पिढ्या मुंबई इलाख्याच्या सैन्यात ते राहिले. परंतु १८९२-९३ च्या सुमारास इंग्रजांनी लढाऊ जाती आणि बिगर-लढाऊ जाती असा भेद पुढे करून महारांची भरती बंद केली. ज्यांच्या जिवावर लढाया जिंकल्या ते एका आदेशाने बिगर-लढाऊ ठरले!

त्या एका आदेशाने केवळ नोकरी गेली नाही, शाळाही गेली. पलटणीत सैनिकांच्या मुलांना शिक्षण होते. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे लष्करी शाळेतलेच शिक्षक. पलटणीच्या शाळेने समाजात वाचणारी-लिहिणारी पहिली पिढी तयार केली आणि त्याच पिढीने पुढे अर्ज लिहिले. गोपाळबाबा वलंगकर हे निवृत्त सैनिक. त्यांनी १८९४ मध्ये सैन्यभरतीसाठी अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज करून सैन्यात आणि पोलिसांत प्रवेश मागितला. दार उघडले नाही.

ते उघडले १९१७ मध्ये. कारण काय? न्यायबुद्धी जागी झाली म्हणून नव्हे, तर महायुद्धात माणसे कमी पडू लागली म्हणून. १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, १९२१ मध्ये पलटण मोडली आणि जवान घरी पाठवले गेले. गरज असली की बोलवायचे, गरज संपली की परत पाठवायचे. यालाच राखीव फौज म्हणतात. आम्ही कोणत्याही कायद्याखाली नोंदणी न करता शंभर वर्षे राखीव फौज होतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे नेमके ओळखले होते. १९४१ मध्ये संरक्षण सल्लागार समितीवर असताना त्यांनी जो पाठपुरावा केला तो तात्पुरत्या भरतीसाठी नव्हता. त्यांना कायमची, स्वतःच्या नावाची रेजिमेंट हवी होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली, आणि युद्ध संपल्यावरही ही रेजिमेंट मोडली गेली नाही. आज ती भारतीय सैन्याची एक मानाची रेजिमेंट आहे. तिच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना १९८७ च्या श्रीलंकेतील कारवाईसाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. जनरल के. व्ही. कृष्ण राव आणि जनरल के. सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे.

त्याच बेळगावात नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रादेशिक सेनेच्या भरतीला हजारो तरुण लोटले. या सेनेची महार रेजिमेंटशी जोडलेली ११५ वी बटालियनही बेळगावचीच. आलेल्या गर्दीत आपल्या वस्त्यांतली मुलेही होती. बाबासाहेबांनी कायमचे दार मागितले आणि आपण तात्पुरत्या दारापुढे रांग लावतो आहोत, हा या दोन चित्रांमधील फरक आहे. दोष मुलांचा नाही. कायमच्या भरतीचे दारही आता अरुंद झाले आहे. १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत जवानाची भरती चार वर्षांसाठी होते आणि त्यांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के पुढे ठेवले जातात. बाकीच्यांना सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी, पण पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ही योजना वैध ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. तेव्हा कायदेशीर प्रश्न संपला. सामाजिक प्रश्न संपलेला नाही. पंचविशीच्या आत घरी परतणाऱ्या मुलाच्या हाती पदवी नसेल तर तो कोणत्या रांगेत उभा राहणार?

आणि येथे दुसरा 'राखीव' शब्द आठवा. सैन्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा नाहीत. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत आहेत, आपल्या राज्य राखीव पोलीस दलात आहेत, पण लष्करात नाहीत. म्हणजे राखीव फौजेत आपल्याला जागा आहे, परंतु फौजेत आपल्याला राखीव जागा नाही! जेथे राखीव जागा नाही तेथे वर जाण्याची आपल्याजवळ एकच शिडी उरते. ती म्हणजे शिक्षण. आणि नेमकी तीच शिडी अर्ध्यावर सोडून आपला मुलगा मैदानावर धावतो आहे.

मग वर्दी नको का?

वर्दी हवी. पण योग्य वेळी आणि योग्य पायरीवर हवी.

कॉलेजात असताना वर्दी घालण्याचा एक मार्ग कायद्यानेच ठेवलेला आहे, तो म्हणजे एनसीसी. हाही १९४८ च्याच कायद्याने आलेला. १९६२ च्या युद्धानंतर १९६३ मध्ये ती कॉलेजांत सक्तीची झाली आणि १९६८ पासून पुन्हा ऐच्छिक. एनसीसीच्या छात्रावर युद्धाला जाण्याचे बंधन नसते. कवायत, नेमबाजी, शिबिर, नकाशा वाचणे हे सगळे शिकायला मिळते आणि वर्गही बुडत नाही. तीन वर्षांत 'सी' प्रमाणपत्र मिळते. ते हाती असेल आणि पदवीला ५० टक्के गुण असतील तर अधिकारीपदासाठी लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीच्या मुलाखतीला जाण्याची वाट आहे. ही वाट मुलींनाही मोकळी आहे. शिपाई म्हणून भरती व्हायचे झाले तरी या प्रमाणपत्राचे जादा गुण मिळतात.

म्हणजे तीन वर्षे कॉलेजात राहून जो मुलगा एनसीसी करतो, त्याच्यापुढे चार दारे असतात. एसएसबी, पदवीनंतरची सीडीएस परीक्षा, केंद्रीय आणि राज्य पोलीस दले, आणि नोकरी लागल्यावर प्रादेशिक सेनेतले अधिकारीपद. दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून जाणाऱ्यापुढे एकच दार असते आणि त्याची कडी दुसऱ्याच्या हातात असते. मुलींच्या बाबतीत हेही सांगितले पाहिजे की, प्रादेशिक सेनेच्या कायद्यातील 'कोणतीही व्यक्ती' या शब्दांत स्त्रीही येते, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये दिला. तेव्हा आपल्या लेकींनी हा विषय भावाचा म्हणून सोडून देऊ नये.

माझ्या या म्हणण्यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. "साहेब, तुम्ही तीन वर्षांच्या गोष्टी सांगता. घरात बाप आजारी, बहिणीचे लग्न तोंडावर, सावकार दारात. तीन वर्षे थांबायचे कोणी?" ज्याच्या घरी चूल पेटत नाही त्याला पदवीचे महत्त्व सांगणे हे पोट भरलेल्या माणसाचे काम आहे, हे मला कळते. अशा मुलाला मी जाऊ नको म्हणत नाही. मी त्याला एवढेच सांगतो की, जाताना कॉलेजचे दार मागे ओढून घेऊ नको. नाव काढून टाकण्याऐवजी प्राचार्यांकडे लेखी अर्ज दे, पोच घे, खंड पडला तर पुन्हा प्रवेश कसा मिळेल ते लेखी विचार. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात किंवा इग्नूमध्ये नाव घालून छावणीतूनही पदवी करता येते. ती सोय भरती झाल्यावर शोधायची नसते, भरतीपूर्वी शोधायची असते. आणि टीए ही घर चालवण्याची खात्री नव्हे, हे घरच्यांनाही समजावून सांग. बोलावणे संपल्यावर पगार थांबेल तेव्हा धक्का बसू नये.

चळवळीच्या माणसाने लक्षात ठेवावे असे

आणखी एक मुद्दा आपल्या कार्यकर्त्या मुलांसाठी. संविधानाच्या अनुच्छेद ३३ ने संसदेला अधिकार दिला आहे की, सैन्यातील व्यक्तींच्या मूलभूत हक्कांवर कायद्याने मर्यादा घालावी. तशा मर्यादा लष्कर कायदा १९५० मध्ये आहेत. राजकीय संघटनेत काम करणे, मोर्चा-निदर्शनात जाणे, वर्तमानपत्रात परवानगीशिवाय लिहिणे यांवर बंधने येतात. प्रादेशिक सेनेच्या जवानाला बोलावणीच्या काळात हाच कायदा लागू होतो. या मर्यादा बाबासाहेबांच्याच संविधानात आहेत आणि शिस्तबद्ध सैन्यासाठी त्या आवश्यकही आहेत. बंदूक हातात असलेल्याने राजकारण करू नये, यातच लोकशाहीचे भले आहे. पण जो मुलगा आज विद्यार्थी संघटनेचा तालुका पदाधिकारी आहे, शिष्यवृत्तीसाठी समाजकल्याण कार्यालयावर मोर्चा नेतो आहे, त्याने सही करण्यापूर्वी हे वाचलेले असावे. कॉलेजची वर्षे ही बोलण्याची, वाचण्याची, प्रश्न विचारण्याची वर्षे असतात. ती एकदाच मिळतात.

बाबासाहेबांच्या प्रेरणेने १९२७ मध्ये समता सैनिक दल उभे राहिले. त्या सैनिकाच्या हातात बंदूक नव्हती, तरी तो सैनिक होता. शिस्त, धैर्य आणि समाजासाठी उभे राहणे हे गुण केवळ छावणीतच मिळतात असे नाही.

मुलांना सल्ला देऊन आपली जबाबदारी संपत नाही, हे आता वडीलधाऱ्यांसाठी. आपल्या तालुक्यातल्या किती कॉलेजांत एनसीसी आहे, याची यादी कोणी केली आहे का? खेड्यातल्या, विनाअनुदानित कॉलेजांतून ती सहसा नसते आणि आपली मुले बहुतेक तेथेच असतात. जयंतीच्या मिरवणुकीला वर्गणी जमवणाऱ्या मंडळांनी कॉलेजकडे आणि एनसीसीच्या कार्यालयाकडे त्यासाठी एक अर्ज द्यावा. "भरती करून देतो" म्हणून आईच्या मंगळसूत्रावर डोळा ठेवणारे दलाल प्रत्येक भरतीच्या वेळी वस्तीत हिंडतात. सैन्यभरतीला पैसा लागत नाही, असा फलक विहाराच्या भिंतीवर लावावा. आणि रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास काढून निवृत्त सैनिक, प्राध्यापक, वकील यांनी एकत्र बसून भरतीची जाहिरात मुलांपुढे ओळ न् ओळ वाचावी. विहारात इतिहास सांगतो तसाच हा कागदही सांगितला गेला पाहिजे.

तरुण मित्रांनो, कोरेगावच्या स्तंभावर नावे आहेत ती शिपायांची. त्या शिपायांची मुले पलटणीच्या शाळेत शिकली आणि पुढे त्यातूनच एका सुभेदाराच्या घरात संविधानाचा शिल्पकार घडला. बंदुकीने आपल्याला शाळेपर्यंत आणले, आज बंदुकीसाठी शाळा सोडणे म्हणजे तो प्रवास उलटा करणे होय. पदवी हातात घ्या, एनसीसीची वर्दी अंगावर घाला, आणि मग सैन्याच्या दारात अधिकारी म्हणून उभे राहा. आपल्याला बोलवायचे केव्हा आणि परत पाठवायचे केव्हा, हे दीडशे वर्षे दुसऱ्यांनी ठरवले. ते आदेश लिहिले जातात त्या टेबलाशी आता आपला माणूस बसलेला असला पाहिजे.

जय भीम!